ढाणकीचं आरमार कुणी जाळलं?

१

आमच्या ढाणकीत समुद्र पाहिलेली माणसं फार थोडी, अन् त्यातली निम्मी थापा मारतात. तरी आमच्याकडे आरमार होतं. शुक्रवारी सकाळपर्यंत होतं, मग ते जळलं.

मी नाजिया. बाजारओळीत माझं ऑनलाइन सेंटर आहे. पुढच्या खोलीत मी लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरते आणि मागच्या खोलीत आमचे पोट्टे कॉम्प्युटरवर ‘दर्याराज’ खेळतात. पोट्टे म्हणायचं आपलं, एकेकाला मिशा आहेत. खेळ जुन्या काळातला, तोफा निघायच्या आधीचा. शिडाची जहाजं बांधायची, वल्ह्यांच्या नावा बांधायच्या, बंदरात माल भरायचा आणि वारा पाहून दुसऱ्याच्या आरमारावर चालून जायचं. आमच्या अख्ख्या संघाचं खातं एकच. त्याचा पासवर्ड माझ्या भिंतीवर कॅलेंडरखाली खडूनं लिहिलाय, कारण आमचा कप्तान भीमराज तो रोज विसरतो. ज्याला वाटेल तो आपल्या मोबाइलवरूनही आत शिरतो.

त्या दिवशी मी एका आजोबांचा अंगठा मशीनवर दाबून धरला होता. तेवढ्यात मागून भीमराज असा बोंबलला की आजोबांनी अंगठा काढून थेट खिशात घातला.

"आपा! लुटलो! आपलं आरमार पेटलं!"

मी मागे धावले. पडद्यावर आमचं बंदर होतं आणि बंदरात नुसता धूर. मोठी जहाजं एकाला एक साखळीनं बांधलेली होती. ही भीमराजची अक्कल. तो पिकअप चालवतो. कापसाच्या मोसमात जिनिंगसमोर गाड्या अंगाला अंग लावून उभ्या करतात, म्हणजे मधून कुणी घुसत नाही. तेच त्यानं समुद्रात केलं. शत्रू मधून घुसणार नाही, आणि आपले शिपाई एका जहाजावरून दुसऱ्यावर पळत जातील. शनिवारी फुलसावंगीच्या संघाशी आमची फायनल होती, तिच्यासाठी ही तयारी. आता सगळी जहाजं ओळीनं जळून काळी पडली होती.

"बाहेरून कोणी आलं नाही," भीमराज दात खात म्हणाला. "आपल्याच गोदीतली एक नाव. पेटवलेली. अन् डायरेक आरमारात घुसली. हे पाह्य, तिच्या सांगाड्यात काय दाखवते? मीठ!"

मीठ म्हटल्यावर मला आधी फुलसावंगीच आठवलं. या खेळात मिठागरं फुलसावंगीकडे आहेत. सगळ्यांना मीठ तेच पुरवतात. आणि फुलसावंगीचा सरदार जुनेद म्हणजे माझ्या भावाचा होणारा मेहुणा. रिजवानचं लग्न जुनेदच्या बहिणीशी, नाहिदशी ठरलेलं. निकाह रविवारी. फायनलच्या दुसऱ्याच दिवशी.

रिजवान समोरच्या गॅरेजात मेकॅनिक आहे आणि आमच्याच संघात खेळतो. आरडाओरडा ऐकून तो हाताचं ग्रीस पुसत आला आणि पडदा बघून जागीच थिजला. लहानपणापासून तो अन् भीमराज एका ताटात जेवलेले. पण भीमराजचं डोकं फिरलं होतं.

"सासुरवाडीले आहेर दिला का बे आरमाराचा?"

"अबे, मी कायले जाळीन?"

"मंग कोणं जाळलं? बांधलेली जहाजं पेटतात हे तुले एकट्यालेच ठाऊक होतं. साखळ्या नको म्हणून तूच बोंबलत होता. आपल्या संघातला एकही माणूस तुह्या वरातीत येणार नाही, सांगून ठेवतो!"

रिजवानचा चेहरा पांढरा पडला. भांडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. त्यानं पाना टेबलावर ठेवला.

"असं हाये का?" तो म्हणाला. "मंग मी फुलसावंगीले फोन करून सोयरीकच मोडतो. तवा तं पटन न तुमाले?"

आणि तो निघून गेला.

२

आमचा रिजवान बोलतो कमी आणि बोलला की करतो. हेच त्याचं वाईट. चौथीत असताना ‘मी पेरूच्या झाडावरून उतरणारच नाही’ म्हणाला होता, तर अम्मीला वर भाकर पाठवावी लागली होती. तेव्हा तो फोन करायच्या आत जाळणारा सापडला पाहिजे होता. मी आजोबांना चहा पाजून बसवलं आणि गॅरेजात गेले.

"रिजवान, खरं सांग. तू तं नाही न केलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नुसती नकारार्थी मान हलवली.

"बरं. समज जाळायचंच असतं, तं कसं जाळलं असतं?"

एवढ्या दुःखातही त्याच्या डोळ्यांत जरा चमक आली. लढाईचं विचारलं की त्याला राहवत नाही.

"आपा, सोपं हाये. नावेत डांबर भरायचं, तेल भरायचं. वारा आपल्या पाठीमागून पाह्यजे. शीड पूर्ण उघडायचं, सुकाणू बांधून टाकायचं, सरळ सोडायची. एका दमात जाऊन धडकते. हळू गेली तं शत्रू साखळ्या तोडून पळते न."

"मीठ भरलं असतं?"

"मीठ?" तो हसला, त्या दिवशी पहिल्यांदा. "मीठ कायले? चव यायले?"

हे भीमराजनं विचारायला पाहिजे होतं. पण भीमराजला राग आला की डोकं गहाण पडतं. मी उठले तर रिजवान मागून म्हणाला, "आपा, राहू दे. मले भीमराजशी भांडून नवरदेव नाही व्हायचं."

आता याला काय म्हणावं? मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही न करता मी बाहेर पडले.

३

आमच्या संघात आणखी दोघं होते. पहिली वैष्णवी. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी मैदानावर धावते, आणि खेळात टेहळणीची नाव चालवते. तिचा भीमराजवर राग होता. फायनलची आखणी तिनं केली होती, ती त्यानं न बघताच बाजूला सारली. मी तिला गाठलं तेव्हा ती भिजवलेले चणे खात होती.

"मी कायले जाळू?" ती फणकारली. "जाळायचंच असतं तं भीमराजले जाळलं असतं, जहाजं काय करून राह्यली होती माह्यं? अन् मी सकाळी मैदानावर होती. मोबाइल घरी. विचारा कोणालेही."

"कोण होतं तिथं?"

"पोट्टे होते भरतीचे. अन् घनश्यामभाऊ गेले समोरून. लय शिष्ट झाले बरं ते! आमच्या बाबाचं बियाणं आलं का म्हणून मी हाका मारून राह्यली, मारून राह्यली, वळून पाह्यलं नाही. तोंडातून शब्द नाही. मोबाइल असा छातीशी उलटा धरून सरळ चालले, कोणी मेल्यासारखे. एरवी तो माणूस गप्प बसते का?"

"शाळेत कार्यक्रम असन त्याचा. पाठ करत असन."

"पाठ? त्याले पाठ करावं लागते?"

ते खरं होतं. घनश्याम आमच्या संघाचा कारभारी. त्याचं कृषी केंद्र आहे, पण औषधं विकण्यापेक्षा बोलण्याची हौस जास्त. बुवाबाजीच्या विरुद्ध तो शाळाशाळांतून कार्यक्रम करतो. लिंबातून रक्त काढून दाखवतो, मग त्यामागचं रसायन समजावतो. फवारा घ्यायला गेलेल्या माणसाला तो आधी निखाऱ्यावरून चालण्याचं विज्ञान सांगतो. दुकानाला लिंबू-मिरची बांधू नका म्हणून त्यानं अर्ध्या बाजाराशी वैर घेतलंय.

त्याच्या दुकानात मी शिरले तर तो पोत्यांवर पोती रचत होता.

"नाजियाताई, भावना बाजूले ठेवा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कारण अन् परिणाम. कारण कोणाले होतं? रिजवानले होतं. मीठ कोणाचं? फुलसावंगीचं. इथं चमत्कार नाही होत."

"तो सोयरीक मोडून राह्यला, घनश्यामभाऊ."

त्याच्या हातातलं पोतं निसटलं आणि त्याच्याच पायावर पडलं. "मोडून? कायची मोडून?" तो एका पायावर उभा राहून म्हणाला. "एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"तुम्हीच तं म्हणता तो गद्दार हाये."

घनश्याम पोत्यावर टेकला. पाय चोळत बसला. मला वाटलं, दुखत असेल.

४

सेंटरवर परत आले तर आजोबा तिथंच, दुसरा चहा पीत. मी त्यांना म्हटलं, "बाबा, अजून थोडं थांबा," आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले.

‘दर्याराज’मध्ये घडलेली लढाई पुन्हा बघता येते, वरून, घारीच्या नजरेनं. पोट्ट्यांनी ती बघितली होती म्हणे. पण आमचे पोट्टे कोणतीही गोष्ट पहिल्यापासून बघत नाहीत. त्यांनी सरकवत सरकवत शेवट गाठला, आग बघितली आणि लगेच शिव्या सुरू केल्या. मी पहिल्यापासून लावली.

गोदीतून एक छोटी नाव निघाली. शीड गुंडाळलेलं, नुसत्या वल्ह्यांवर. नाव पेटली. मला वाटलं आता सुटेल आरमाराकडे. पण नाही. ती आरमारापासून अंतर राखून, सावकाश, काठाकाठानं पुढे गेली. पहिल्या जहाजापासून शेवटच्या जहाजापर्यंत. मग मागच्या बाजूनं परत. मग पुन्हा पुढून. अख्ख्या आरमाराला तिनं वेढा घातला, आणि तो पुरा झाला तशी पुन्हा तीच चाल. गोल गोल. वारा समुद्राकडून बंदराकडे वाहत होता, पण वल्ही मारणाऱ्याला वाऱ्याची पडलेलीच नव्हती.

हे कसले डावपेच? रिजवान तर एका दमात म्हणाला होता. हा जाळणारा आरमाराला प्रदक्षिणा घालत होता!

फेऱ्या संपल्या. नाव बंदराच्या तोंडाशी आली आणि थांबली. वल्ही बंद. जणू चालवणारा उठून गेला. पेटती नाव तशीच तरंगत राहिली. मग वाऱ्यानं तिला हळूहळू आत ढकललं, आणि ती साखळीतल्या पहिल्या जहाजाला जाऊन टेकली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

मी पुन्हा सुरुवातीला गेले. नाव गोदीत उभी असताना तिच्यात काय भरलं होतं ते बघितलं. डांबर नव्हतं. तेल नव्हतं. मीठ होतं. आणि मिठाशेजारी आणखी एक माल होता, जो आगीत जळून गेला म्हणून भीमराजला सांगाड्यात दिसला नव्हता. मोहरी.

मीठ आणि मोहरी. विस्तव. आणि गोल फेऱ्या.

या अल्ला! हे तर मी जन्मल्यापासून बघत आले होते. मला ताप आला की, रिजवान परीक्षेला निघाला की, नवीन गाडी दारात आली की. आणि हे करणारी बाई माझ्याच घरात राहत होती. मी शटर अर्धं ओढलं आणि घराकडे पळाले.

५

अम्मी, म्हणजे जैबुनबी, लग्नाच्या बांगड्या वेगळ्या काढत बसली होती. आम्ही घरात उर्दूत भांडतो, पण त्याची मजा मराठीत येणार नाही, तेव्हा मतलब तेवढा सांगते.

"अम्मी, तू आरमाराची नजर उतरवलीस का?"

"कुणाची?"

"जहाजांची. मोबाइलमधल्या."

अम्मीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मोबाइल ती अजून उलटा धरून कानाला लावते. तरी तिला सगळं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मी संपवल्यावर तिनं नाक मुरडलं.

"समुद्रात मीठ? समुद्र काय कमी खारट असतो? आणि आधी पेटवून मग फिरवतात होय? कुणा नवशिक्याचं काम आहे. पण पद्धत बरोबर आहे हं त्याची. फेऱ्या झाल्या की ते चौकात नेऊन टाकायचं आणि निघून यायचं."

"टाकून यायचं?"

"मग काय घरी आणायचं? टाकायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. बघितलं की नजर परत येते. कुणी हाक मारली तरी..."

मी अम्मीचा हात गच्च धरला. तिच्या हातातली बांगडी फुटली आणि तिनं मला अशी शिवी दिली की ती लिहिता येणार नाही.

"चल," मी म्हटलं. "सेंटरवर चल. सगळ्यांना बोलावते."

६

मागच्या खोलीत सगळे जमले. भीमराज घुश्शात, वैष्णवी भिंतीला टेकून, घनश्याम लंगडत. अम्मीला मी खुर्ची दिली. आजोबाही आत येऊन बसले, त्यांना आता अंगठ्यापेक्षा यातच गोडी लागली होती. रिजवान बोलावूनही आला नव्हता. मी लढाई पहिल्यापासून लावली आणि कुणालाही सरकवू दिली नाही.

"भीमराज, तू जाळत असता तं अशा फेऱ्या मारल्या असत्या?"

"मी येडा हाये का?"

"म्हणजे जाळायचं नव्हतं. आता माल पाह्य. मीठ. मोहरी. काय होते याचं?"

वैष्णवीच्या हातातले चणे सांडले. "नजर! आरमाराची नजर काढली कोणंतरी!"

सगळ्यांनी वळून अम्मीकडे पाहिलं. "माह्याकडे नका पाहू," अम्मी म्हणाली. "म्या केलं असतं तं नीट केलं असतं."

"म्हणजे हे दुश्मनाचं काम नाही," मी म्हटलं. "ज्याचा आरमारावर लय जीव त्याचं हाये. फेऱ्या मारल्या, नाव बंदराच्या तोंडाशी टाकली अन् निघून आला. मोबाइल उलटा केला, कारण मागं पाहायचं नसते. म्हणून आग लागली ते त्याले दिसलंच नाही. त्यावेळी त्याले बोलायचं नव्हतं. हाक मारली तरी वळायचं नव्हतं." मी वैष्णवीकडे पाहिलं. "आज सकाळी कोण वळलं नाही?"

वैष्णवीचं तोंड उघडंच राहिलं. भीमराज एकदम उभा राहिला. आणि घनश्याम, ज्याला गप्प बसवायला आजवर एकाही सरपंचाला जमलं नाही, तो खाली बघत होता.

"घनश्यामभाऊ?" भीमराजचा आवाज चिरकला. "तुम्ही? लिंबातून रक्त काढणारे?"

"ते विज्ञान हाये," घनश्याम पुटपुटला.

"अन् हे?"

"हे..." त्यानं रुमालानं घाम पुसला. "भाऊ, लोकायच्या म्हशीले नजर लागत नाही, हे मी छातीठोक सांगतो. पण आरमार तं आपलं होतं न! केवढं देखणं दिसत होतं साखळीत. अख्खा उमरखेड तालुका त्याच्यावरच बोलून राह्यला होता. मले वाटलं, याले नजर लागन. म्हटलं, करून घेऊ, कोणाले समजते? शाळेतून आलो, पाह्यलं तं सगळं जळालेलं. आता सांगितलं तं लोकं हसतीन. माह्या एकेका कार्यक्रमात लोकं हेच काढतीन. म्हणून मी... रिजवानवर..." त्यानं रुमाल तोंडाला लावला. "लय नीचपणा झाला माह्याकडून."

मी ठरवलं होतं, जाळणारा सापडला की त्याला सोलून काढायचा. पण तो मोठा माणूस समोर बसून नाक शिंकरत होता आणि अम्मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याला सांगत होती की मोहरी थोडी कमी घ्यायला पाहिजे होती. माझा राग अर्धाच उरला. तेवढ्यात दारात रिजवान दिसला. तो केव्हा आला होता कोण जाणे. त्यानं सगळं ऐकलं होतं.

भीमराज त्याच्यापर्यंत गेला. म्हणाला, "चुकलो बे. मार मले. पण फोन नको करू फुलसावंगीले."

"केला," रिजवान म्हणाला. "मघाशीच केला."

अम्मी खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली.

"नाहिदले सांगितलं सगळं. आरमार जळलं, आळ माह्यावर आला, सोयरीक मोडतो म्हणून. ती आयकत राह्यली. मंग म्हणे, सकाळपासून काही खाल्लं का तुम्ही?"

"अन् मंग?" भीमराजनं विचारलं. "तू जाळलं का, हे नाही विचारलं?"

"नाही. तुम्ही सगळ्यायनं विचारलं. तिनं नाही विचारलं."

भीमराजनं मान खाली घातली. गॅरेजात मीही तेच विचारलं होतं.

"सोयरीकीचं काय म्हणे?" अम्मीनं घाबरत विचारलं.

"म्हणे, रविवारी वरात घेऊन या, मंग बोलू."

भीमराजनं डोळे पुसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मंग, खाल्लं का काही?"

"नाही न बे," रिजवान म्हणाला, आणि लहान पोरासारखा त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागला.